उसना अंगठा

मिस्त्रीने बसवलेल्या बाथरूममध्ये पाणी मिस्त्रीला विचारून वाहतं, असं साइटवरचे लोक म्हणायचे. लोकांचं काय, कौतुक करतात आणि त्याच तोंडाने काम गळ्यात मारतात. पण यात खोटं फारसं नव्हतं. जाळीकडे किती उतार हवा हे तो पाणसळ न लावता सांगायचा. दोन फरश्यांच्या सांध्यावरून अंगठा फिरवायचा आणि एखादी कागदाएवढी जरी वर आली असली तरी उखडून पुन्हा बसवायचा. उघडा अंगठा, बरं का. कंपनी हातमोजे देत नव्हती असं नाही, पण मोजा घातला की सांधा कळत नाही. कुणी टोकलंच तर म्हणायचा, "मोजा घालून कणीक मळून बघ, मग मला शहाणपण शिकव."

असा अंगठा त्याने बावीस वर्षं फिरवला. आठ वर्षं आपल्या देशात, चौदा परक्या. सिमेंट ही मोठी हलकट चीज आहे. आधी कातडी खाते, मग कातडीवरच्या रेषा खाते. चाळिशी उलटेपर्यंत मिस्त्रीची दहाही बोटं धुतलेल्या बशीसारखी गुळगुळीत झाली होती. त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. तळहातावरच्या रेषा बघून भविष्य सांगणारा कुणी भेटला असता तर उपाशी मेला असता, एवढाच त्याचा त्यावरचा विनोद.

घरी बायको आणि एकुलती एक लेक. तो निघाला तेव्हा लेक आठ वर्षांची होती, आता बावीस. मधल्या काळात तो चार वेळा घरी जाऊन आला, पण नेमकं काही घडायचं तेव्हा तो कधीच तिथे नसायचा. सायकलवरून पडून तिचा हात मोडला ते फोनवर. दहावीचा निकाल फोनवर. पहिल्या नोकरीचा पहिला दिवस, तोही फोनवर. दर वेळी तो तेच सांगायचा, "बाळा, तुझ्या लग्नाला मात्र मी दारात उभा असणार. पाहुण्यांच्या चपलासुद्धा मीच ओळीत लावणार, एकदम लेव्हलमध्ये." बापाने असं शंभरदा बोलावं आणि विसरून जावं. लेकी विसरत नाहीत. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिने मुलाकडच्यांना सरळ सांगितलं, "बाबा येतील ती तारीख." मुलगा कारखान्यात नोकरीला होता. माणसं साधी होती, हो म्हणाली.

आता ती तारीख का येत नव्हती हे सांगायचं तर दोन वर्षं मागे जायला हवं.

तिथल्या सरकारने तेव्हा नवा नियम काढला होता. प्रत्येक परदेशी कामगाराचा अंगठा दप्तरात पाहिजे. कंपनीच्या फाटकावर हजेरीचं मशीन बसवलं आणि ते सरकारी दप्तराला जोडलं. रोजची हजेरी त्यावर, ओळखपत्र त्यावर, देशाबाहेर जायचं तरी त्यावरच. टाइमकीपरला एका दिवसात तीनशे माणसांचे अंगठे घ्यायचे होते. बिचारा सकाळपासून ओरडून ओरडून घोगरा झालेला. मिस्त्रीचा नंबर आला. उजवा अंगठा ठेवला, मशीन लाल. डावा ठेवला, लाल. मग एकेक करत दहाही बोटं ठेवून झाली. दहाही वेळा मशीनने नाक मुरडलं. साबणाने हात धुऊन आणला, तेल चोळलं, फुंकर घातली. मागच्या रांगेतून शिव्या यायला लागल्या. शेवटी टाइमकीपर वैतागून म्हणाला, "अरे, कुणाचा तरी लावा आणि पुढे सरका!"

फाटकावर वॉचमन बसला होता. तो मिस्त्रीचा खोलीतला सोबती, खालची खाट मिस्त्रीची आणि वरची त्याची. दोघांचे गावही जवळजवळ. वॉचमनचे हात म्हणजे विचारू नका. जन्मात खुर्चीशिवाय जड काही उचललेलं नाही. त्याने स्वतःचा उजवा अंगठा सकाळीच दिला होता. आता हसत डावा पुढे केला. "घे रे मिस्त्री, हा रिकामाच आहे."

मशीन हिरवं झालं. टाइमकीपरने मिस्त्रीचं नाव दाबलं आणि पुढच्याला हाक मारली. रांगेतले सगळे हसले, मिस्त्रीही हसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे तेव्हा कुणाच्या बापाला कळणार होतं?

तिथून रोज सकाळी तसंच. मिस्त्री डबा घेऊन मशीनसमोर उभा राहायचा आणि वॉचमन खुर्चीतून वाकून डावा अंगठा टेकवायचा. "जा, आलास तू," असं म्हणायचा. कधी भांडण झालं तर मुद्दाम दोन मिनिटं अडवून ठेवायचा. "आधी माझी बनियन धुतो म्हण." दोन वर्षं एका माणसाच्या दोन हातांवर दोन माणसं कामावर येत होती आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

मग वॉचमनचा करार संपला. तो कायमचा घरी निघाला. मिस्त्रीने त्याची ट्रंक बसपर्यंत नेऊन दिली, दोघं गळ्यात पडले, नाकं पुसली. विमानतळावर वॉचमनला काचेवर दोन्ही हात ठेवायला सांगितले. त्याने ठेवले. दिवा हिरवा झाला आणि तो गेला. घरी जाऊन जेवला, ढाराढूर झोपला. बिचाऱ्याच्या ध्यानीमनीही नव्हतं की उजव्या अंगठ्याने वॉचमन देशाबाहेर गेला आणि डाव्या अंगठ्याने मिस्त्री.

मिस्त्रीला हे कळलं महिन्याभराने. नवीन वॉचमन त्याची हजेरी वहीत लिहून घेत होता, त्यामुळे काम चालूच होतं. त्याने लेकीला कळवलेल्या लग्नाच्या तारखेला तीन महिने उरले तेव्हा तो दाढी-बिढी करून, धुतलेला शर्ट घालून कंपनीच्या ऑफिसात रजेचा अर्ज घेऊन गेला. क्लार्कने कॉम्प्युटरमध्ये बघितलं, मग मिस्त्रीकडे बघितलं, मग परत कॉम्प्युटरमध्ये.

"रजा कुणाला हवी?"

"मलाच."

"हा माणूस गेल्या महिन्यात देशाबाहेर गेलाय."

मिस्त्री हसला. "साहेब, तो वॉचमन. मी मिस्त्री."

"वॉचमनपण गेला आणि तूपण गेलास. हे बघ, एकच तारीख आहे. वेळही एकच."

"अहो, मी गेलो असतो तर मला कळलं नसतं का?"

क्लार्क वाईट माणूस नव्हता. त्याने मोठ्या साहेबांकडे नेलं. मोठे साहेब आधी दचकले. मग अर्धा चहा संपेपर्यंत विचार करत बसले, आणि त्या अर्ध्या चहात त्यांच्या डोक्यात जो काय उजेड पडायचा तो पडला. हा माणूस कागदावर नाही. म्हणजे याला रजा द्यायला नको, विमा नको, डॉक्टर नको, कुणी विचारणार नाही. आणि काम तर साइटवर याच्यासारखं कुणाचं नाही. ते गोड आवाजात म्हणाले, "चूक झाली आहे खरी. बघू. तोपर्यंत काम थांबवू नकोस."

बघू! या 'बघू'ने जेवढी माणसं मारली तेवढी साथीच्या रोगांनीसुद्धा मारली नसतील. मिस्त्रीने पासपोर्ट मागितला. सगळ्यांचे पासपोर्ट साहेबांच्या मागच्या लोखंडी कपाटात होते, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. साहेब म्हणाले, "गेलेल्या माणसाचा पासपोर्ट माझ्याकडे कसा असेल?" कपाट त्यांच्या पाठीमागे दोन हातांवर होतं. मिस्त्री त्या कपाटाकडे बघत राहिला आणि मग "बरं" म्हणून बाहेर आला. चौदा वर्षांत अंगात मुरलेला तो 'बरं'. तो कधी, कुठे तोंडातून निघाला हे त्याचं त्यालाच कळलं नाही, आणि जिना उतरल्यावर त्याला स्वतःचाच असा राग आला की हातातला अर्ज चुरगळून गेला.

पहिली तारीख त्यात बुडाली. घरी सांगितलं, कागद अडकलाय, थोडं पुढे ढकला. मुलाकडच्यांनी दोन महिने पुढची तारीख दिली.

मिस्त्री कामगार खात्यात गेला. सुट्टीचा दिवस नव्हता, म्हणून साइटवर पोटदुखीचं कारण सांगितलं. खात्याच्या दारात मशीन. अंगठा लावला की चिठ्ठी येते, चिठ्ठीवर नंबर, नंबर आला की तक्रार. मिस्त्रीने अंगठा लावला. मशीन लाल.

"अंगठ्याशिवाय तक्रार घेता येत नाही," खिडकीतली मुलगी म्हणाली.

"बाई, तक्रार अंगठ्याचीच आहे."

ती मुलगी कळवळली, पण तिच्या हातात काय होतं? तिने त्याला बसायला खुर्ची दिली आणि पाणी दिलं. तो तिथे तीन तास बसला. मग खिडकी बंद झाली. दुसऱ्यांदा गेला तर तिच्या जागी दुसरंच कुणी होतं, त्याने खुर्चीही दिली नाही. आपल्या देशाच्या वकिलातीत गेला तर तिथे आपल्याच भाषेत ऐकून घेतलं. आपल्याच भाषेत सांगितलं, "पासपोर्ट घेऊन या, मग बोलू." परक्या भाषेतलं 'नाही' निदान अर्धंच कळतं. हे पूर्ण कळलं.

वकिलातीच्या बाहेर रांगेतल्या एका सुताराने त्याला कामगार संघटनेच्या एका बाईंचा पत्ता दिला. एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर खोली, फायलींनी भरलेली, मधे जेमतेम दोन खुर्च्यांची जागा. बाई तिथल्याच, वयस्कर, आपली भाषा मोडकीतोडकी बोलायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही घड्याळ बघितलं नाही. मग म्हणाल्या, "पासपोर्ट कंपनीला ठेवता येत नाही. तसा कायदाच आहे. दर दोन वर्षांनी रजा, तीही तुमच्या हक्काची. कामावर काही झालं तर औषधपाणी कंपनीचं. तक्रार केली म्हणून काढता येत नाही."

मिस्त्री पुढे सरकला. "हे सगळे हक्क माझे?"

"तुमचेच."

"मग द्या ना मॅडम."

 बाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी सांगितलं ते असं. हे सगळं दप्तरात असलेल्या माणसासाठी आहे. दप्तरात परत यायचं तर एकच वाट, खरं लिहून द्यायचं, की दप्तरातला अंगठा माझा नाही. पण ते लिहिलं की तो गुन्हा होतो. दुसऱ्याच्या अंगठ्याने हजेरी लावणं म्हणजे खोटी ओळख. चौकशी बसणार, कंपनीची होणार, वॉचमनचंही नाव येणार. आणि चौकशी संपेपर्यंत देश सोडता येणार नाही.

"नाही लिहिलं तर?"

"नाही लिहिलं तरी सोडता येत नाही. विमानतळावर तेच मशीन आहे."

इकडे आड तिकडे विहीर, दुसरं काय? मिस्त्रीने वॉचमनला फोन लावला. वॉचमन आधी ऐकतच राहिला. मग त्याला रडू फुटलं. "मी तुला आणलं रे या फेऱ्यात. माझा हात झडो. माझं नाव लिही, मला कुठे परत यायचंय तिकडे?" मिस्त्रीलाच त्याची समजूत घालावी लागली. म्हणाला, "अरे, तू अंगठा दिलास, गळा तर नाही ना कापलास?"

बाईंनी खरं तेच घालून अर्ज लिहिला. खाली मिस्त्रीने सही केली.

"किती दिवस लागतील?"

"सांगता येत नाही. मागच्या वर्षाच्या आधीची एक केस अजून चालू आहे."

"मॅडम, वर्षांचं नका सांगू. लग्नाची तारीख धरायची आहे."

बाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला. "तारीख धरू नका," त्या म्हणाल्या.

तो पायीच खोलीवर आला. बस होती, पण बसमध्ये चढावं हेच सुचलं नाही. मोठमोठ्या इमारती लागल्या, त्यातल्या तीन-चारच्या पायऱ्या त्याच्याच हातच्या. दारातल्या पहारेकऱ्याने एका पायरीवर बसूही दिलं नाही.

तिकडे घरी दुसरी तारीख पंधरा दिवसांवर आली होती. सुट्टीच्या दुपारी बायकोचा फोन आला. तिचा आवाज बसला होता. "अहो, मुलाची बदली झाली आहे लांबच्या कारखान्यात. महिनाअखेर हजर व्हायचंय. ते म्हणतात, आता तरी करून टाका. आणि लोक काय काय बोलायला लागलेत. तुमचं तिकडे दुसरं घर आहे का, असं विचारलं मला त्यांच्या काकूने. तोंडावर विचारलं हो."

"आणि पोरगी काय म्हणते?"

"ती ऐकते आहे का कुणाचं? तुमच्यावरच गेलीय. म्हणते, बाबा आल्याशिवाय मी उभी राहणार नाही, मोडलं तर मोडू दे. चौदा वर्षं थांबले तर आणखी दोन थांबेन."

मिस्त्री खाटेवर बसून होता. वरची खाट आता नव्या माणसाची होती, त्याचा टॉवेल खाली लोंबत होता. मिस्त्रीने तो उगाच नीट घडी घालून वर ठेवला. खरं सांगितलं तर काय होणार, हे त्याला आरशासारखं दिसत होतं. अंगठ्याची सगळी गोष्ट कळली की पोरगी पेटून उठणार, बापासाठी थांबणार. एक वर्ष थांबेल, दोन थांबेल. चांगलं घर जाईल. नंतर लोक म्हणतील, हिचंच काहीतरी असेल. आणि बाप येईल तेव्हा येईल, नाहीतर येणारही नाही. हे त्याने पहिल्यांदाच मनात पुरतं म्हणून बघितलं.

"तिला दे फोन," तो म्हणाला.

"बाबा," लेक म्हणाली, "झालं का काम कागदाचं?"

"झालं."

"खरंच?" तिच्या आवाजात एकदम ऊन पडलं. "मग कधी निघताय?"

"ऐक ना. कागद झाला, रजा पण मिळत होती. पण इथे मोठ्या हॉटेलचं काम आलंय. सगळा संगमरवर. साहेब म्हणाले, तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही. असं काम आयुष्यात एकदाच मिळतं गं."



"म्हणजे?" ती म्हणाली.

"म्हणजे मी हो म्हटलं साहेबांना."

"तुम्हाला येता येत होतं?"

मिस्त्रीने डोळे मिटले. "येत होतं."

"आणि तुम्ही हॉटेलच्या फरशीसाठी नाही म्हणालात?"

"हो. तुम्ही करून घ्या लग्न. माझ्यासाठी कशाला थांबता? मामा आहे ना तुझा."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती अगदी हळू म्हणाली, "मी सगळ्यांशी भांडले बाबा तुमच्यासाठी. त्या काकूंना म्हटलं, माझे बाबा तसे नाहीत." आणि फोन आईच्या हातात दिला.

बायकोने इतकी वर्षं या माणसाबरोबर संसार केला होता, निम्म्याहून जास्त फोनवर का असेना. ती म्हणाली, "खोटं बोलताय तुम्ही."

"नाही."

"माझ्या गळ्याची शपथ घ्या."

"तारीख पक्की कर," मिस्त्री म्हणाला. "आणि तिला काही समजवायला जाऊ नकोस. मोडेल सगळं." आणि त्याने फोन बंद केला. त्या दिवशी तो जेवला नाही. खोलीतल्यांनी विचारलं तर म्हणाला, दाढ दुखते आहे.

लग्न सकाळी होतं. वेळेच्या फरकाने इथे मिस्त्रीची जेवणाची सुट्टी. साइटच्या मागच्या बाजूला पाइपांच्या ढिगाआड सावली होती, तिथे तो हात धुऊन, केस विंचरून बसला. बायकोने व्हिडिओ लावला होता. फोन तिच्या हातात हलत होता. कुणाचा खांदा दिसायचा, कुणाचा पदर, मधेच छतावरचा पंखा. मग एकदम लेक दिसली. मिस्त्रीने फोन डोळ्यांच्या इतका जवळ नेला की सगळं पुसट झालं, पुन्हा लांब धरला. चांगली दिसत होती. हसतही होती. शेजारी जावई, उंच, जरा लाजरा. मामा बापाच्या जागी उभा राहून सगळ्यांना या, बसा करत होता. सगळं यथासांग चाललं होतं, कुठे काही अडलं नव्हतं. त्याला हायसं वाटलं आणि हायसं वाटलं म्हणून आणखीच भरून आलं.

बायको फोन घेऊन लेकीजवळ गेली. "बघ गं, बाबा आहेत." लेकीने फोनकडे बघितलं नाही. पदर नीट करत राहिली.

तेवढ्यात फोटोवाला आला. त्याने घाईघाईने माणसं लावायला सुरुवात केली. मुलाचे आईवडील इकडे, मुलीची आई तिकडे, मामा जरा मागे. "आणि मुलीचे वडील? वडील कुठेत? बोलवा त्यांना, एकच फोटो राहिलाय."

 मामाने घसा खाकरला. लेकच म्हणाली, अगदी सहज, कुणीतरी पाणी मागावं तसं, "ते नाही येणार. त्यांना वेळ नव्हता."

बायकोने घाबरून फोन कानाला लावला. मिस्त्रीच्या पडद्यावर सगळा काळोख झाला. "ऐकलंत?" ती कुजबुजली. "अहो, सांगू का तिला? आता तर लागलंय लग्न. सांगू का खरं काय ते? काय आहे ते मला तरी सांगा."

मिस्त्रीच्या ओठांवर आलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या रांगेपासून सगळं, एका दमात. पण आज कळलं तर आज ती रडणार, सगळ्या पाहुण्यांसमोर. आणि उद्या कळलं तर सासरी रडणार.

"काही नाही," तो म्हणाला. "बरोबर बोलली ती. तू जा, उभी राहा तिच्याजवळ, फोटोवाला खोळंबलाय."

"आणि तुम्ही?"

"फोन पिशवीत टाक आधी. फोटोत हातात फोन बरा दिसत नाही."

तिने फोन पिशवीत टाकला.